भाव सांगणारी बाई

पवनीच्या बाईला रिकामं बसता येत नाही, असं आमच्या आजीचं म्हणणं होतं. खरं म्हणजे तिला स्वतःलाच बसता येत नसे. गप्पा मारायला ओसरीवर टेकली तरी हातात काहीतरी हवंच. कधी कांडी, कधी सूप, नाहीतर निवडायला लाखोरीची डाळ. आमच्या घरातल्या सगळ्याच बायका अशा. पण पैशाची गोष्ट निघाली की बोलायचं पुरुषांनी. मी तिखटाचा धंदा काढला तेव्हा लोक म्हणाले, या घराण्यात धंदा करणारी ही पहिलीच बाई. ऐकायला गोड वाटलं होतं. आता साठी उलटली आहे, आणि त्या 'पहिली'बद्दल मला जरा शंका येते.

आमचं पवनी भंडारा जिल्ह्याच्या दक्षिणेला, वैनगंगेच्या काठी. जुना परकोट, बालसमुद्र तलाव, नदीचे घाट, आणि देवळं तर इतकी की जुनी माणसं गावाला विदर्भाची काशी म्हणतात. मी नुकती शाळेत जायला लागले होते तेव्हा, 1969-70 साली, जगन्नाथ टेकडीवर खोदकाम झालं. नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खातं, दोघांनी मिळून केलेलं. डॉ. शां. भा. देव, जगत्पती जोशी ही नावं आम्हाला तेव्हा कुठली ठाऊक असायला! आम्हा पोट्ट्यांच्या लेखी ते सगळे 'खोदणारे साहेब'. टेकडीच्या पोटातून दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप निघाला. आजी एकदा जाऊन पाहून आली आणि म्हणाली, "मायबाई, एवढं होतं खाली! अन् आमी वरतं बकऱ्या चारल्या." बकऱ्या चारल्या म्हणाली की गोवऱ्या थापल्या म्हणाली, आता नक्की सांगता येत नाही. काहीतरी घरगुतीच होतं.

त्या स्तूपाच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यांत एक बाई आहे, विसमिता नावाची. आपलं दान सगळ्या जीवांच्या सुखासाठी असो, असं तिनं कोरून ठेवलंय. हे मला फार उशिरा, एका शिक्षकांकडून कळलं. तेव्हापासून ती बाई मनात घर करून आहे. दान द्यायचं तर हाती आपलं म्हणावं असं काही लागतं. तिनं ते कुठून आणलं असेल? नवऱ्याचं, बापाचं, की स्वतःच्या कष्टाचं? आमच्या आजीनं उभा जन्म काम केलं, पण तिचं नाव दगडावर तर सोडाच, व्यापाऱ्याच्या वहीतसुद्धा कधी चढलं नाही.

आजीचं घर कोष्ट्याचं. पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग, त्यावर आबाजी. करवती काठाची लुगडी विणायचे. काठाला करवतीसारखे दाते, म्हणून करवती. अंग कोशाचं आणि काठ रंगीत. विणताना काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवत पुढं जायचं, म्हणून धोटे तीन. डाव्या काठाचा, मधला आणि उजव्या काठाचा. ओळ चुकली की काठाचा दाता मोडतो, मग आबाजी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत उसवायचे. ते काय पुटपुटायचे ते आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून आजी जोरात खोकायची.

कोसा यायचा जंगलातून. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे वाढवायचं काम ढिवर लोकांचं. तयार कोसे घरी आले की ते उकळायचे, आणि त्या वासानं पूर्ण गल्लीला कळायचं की आज कोणाकडे कोसा शिजतोय. पुढचं काम आजीचं. लुगडं वर खोचून ती भिंतीला टेकून बसे, पाच-सहा कोशांची टोकं एकत्र धरी आणि उघड्या मांडीवर तळहातानं पीळ देत धागा ओढत जाई. सर्र, सर्र असा बारीक आवाज. तिच्या डाव्या मांडीची कातडी घासून घासून गुळगुळीत आणि काळपट झाली होती. अलीकडे सरकारनं मांडीवरचं हे काम बंद व्हावं म्हणून बायकांना धागा काढायची यंत्रं द्यायला घेतली. आजीला हे सांगायला हवं होतं. ती म्हणाली असती, "आता काऊन? मांडी तं झिजली."

धागा काढायची ती, कांड्या भरायची ती, ताण्याला खळ लावायलाही तीच. व्यापारी माल द्यायचा, विणलेलं न्यायचा, मजुरी मांडायचा. वहीत नाव आबाजीचं. मी एकदा विचारलं होतं, "आजी, हे लुगडं केवढ्याला जाते गं?" ती म्हणाली, "ते आबाजीले ठाऊक." आबाजीला विचारलं तर ते म्हणाले, "ते व्यापाऱ्याले ठाऊक." व्यापाऱ्याला विचारायची आमची काय बिशाद!

लढाईच्या काळातली एक गोष्ट ती फार सांगे. तिच्या लेखी ती 'जर्मनीची लढाई'. 1943 मध्ये सुता-कापडावर सरकारी नियंत्रण आलं आणि मागाला सूत मिळेना. माग आहे, हात आहेत, सूत नाही. आबाजी आठ-आठ दिवस नुसते खड्ड्यात पाय सोडून बसून राहायचे म्हणे, सवय मोडू नये म्हणून. त्या दिवसांत आजीनं काय केलं? पायलीभर धान कांडून द्यायचं, बदल्यात कण्या घ्यायच्या. लोकांची मिरची कांडून द्यायची, बदल्यात ओंजळभर तिखट ठेवून घ्यायचं. घर चाललं ते त्यावर. हे सांगताना ती कधी 'मी कमावलं' म्हणाली नाही. 'दिवस काढले' म्हणायची.

दुसरी गोष्ट 1954 ची. भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला बाबासाहेब आंबेडकर उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा, म्हणून प्रत्येकाला दोन मतं. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, दुसऱ्या जागेवर अशोक मेहता, आणि बाबासाहेब पडले. आजीला नावं अर्धीमुर्धी आठवायची, पण आपल्याला दोन मतं होती हे पक्कं आठवायचं. "दोन व्हते माह्याजवळ," असं म्हणायची, दोन बांगड्या असाव्यात तशी. कोणाला दिली, ते तिनं आबाजीलाही सांगितलं नाही. जन्मात तेवढाच एक व्यवहार तिनं स्वतःच्या अकलेनं केला आणि त्याची पावतीही कोणाला दाखवली नाही. घर जागचं न हलवता ती मध्य प्रदेशातून 1956 ला मुंबई राज्यात आली आणि 1960 ला महाराष्ट्रात. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. आमच्याकडे वैनगंगा तिथंच होती आणि व्यापाऱ्याची वहीही तिथंच.

पण चुलीपुढे मात्र राज्य तिचं. आम्ही कोष्टी माणसं तिखट खाणारी. नागपुरात 'सावजी' म्हणून जे जेवण गाजलं, ते मुळात विणकरांच्याच घरचं. पोळ्याच्या करीला आमच्याकडे मटण व्हायचं. आजी धने, खसखस, दगडफूल, मिरे, लवंग, सुकं खोबरं एकेक करून लोखंडी कढईत भाजायची. सगळं एकदम टाकणाऱ्या बाईबद्दल तिचं मत चांगलं नव्हतं. मग पाट्यावर वाटण, आणि जवसाच्या तेलात फोडणी. रस्सा लाल नव्हे, काळसर. वर तेलाचा तवंग. आम्ही नाकाडोळ्यांतून पाणी गाळत भात कालवायचो आणि आबाजी विचारायचे, "आज मिरची कमी पडली का?" एरवी सकाळी बासी भात, त्यावर तिखट-मीठ आणि कच्चं तेल, सोबत कांदा. ही मिरची मुळात इथली नाही, पोर्तुगिजांच्या जहाजांतून आली, असं शाळेत शिकून मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आजी हसलीच. "मंग त्याच्या आंधी लोकं जेवत कसे व्हते?" तिचा प्रश्न अगदीच टाकाऊ नव्हता.

यंत्रमाग आले आणि आमचा माग हळूहळू थांबला. बाबा नागपूरला यंत्रमागावर कामाला गेले. घर सांभाळलं ते मायनं, बिडीवर. भंडारा जिल्ह्यात त्या काळात बिडी न वळणाऱ्या गरीब बाईचं घर शोधावं लागलं असतं. उन्हाळ्यात जंगलातून तेंदूपत्ता यायचा. रात्री पानं भिजवून ठेवायची, सकाळी फर्म्यावर ठेवून कात्रीनं कापायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा. पान, चिमूट, वळण, टोक मुडपलं, दोऱ्याचा फास. माय बोलत असायची आमच्याशी आणि बोटं वळत असायची आपली आपण. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. संध्याकाळी सूप पदराखाली झाकून सट्टेदाराकडे, म्हणजे बिडीच्या ठेकेदाराकडे.

मी मायबरोबर जायची, म्हणून तो सट्टेदाराचा ओटा चांगला आठवतो. बायका खाली, तो वर. तो कट्टा हातात घ्यायचा, अंगठ्यानं दाबायचा आणि दोन-चार बिड्या बाजूला फेकायचा. ती छाट. छाटीचे पैसे नाहीत, आणि छाट परतही नाही. त्या बिड्या जायच्या कुठं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी विचारत नव्हतं. 1966 साली बिडी कामगारांचा कायदा झाला, 1976 मध्ये कल्याण निधी आला. पुढं त्या निधीतून माझ्या धाकट्या भावाला शिष्यवृत्तीही मिळाली. त्या पैशातून त्याची वह्या-पुस्तकं आली आणि मायला पहिल्यांदा वाटलं की आपली कुठंतरी नोंद आहे. पण हजारी, म्हणजे हजार बिड्यांची मजुरी, काय द्यायची, ते ओट्यावर बसलेला माणूसच सांगायचा.

माझी पाळी आली ती मिरचीची. दहावी झाले, गावातच लग्न झालं. आमचे हे एका दुकानात हिशेबाला होते, पगार बेताचा. आमच्या भागात, पवनीकडे आणि नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरकडे, हिवाळा सरता सरता मिरचीचे सातरे लागतात. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गावाबाहेर मोकळं आवार, त्यात लाल मिरचीचे ढीग, आणि ढिगांभोवती बायकांच्या रांगा. काम एकच, देठ खुडायचा. मिरची डाव्या हातात, देठ उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नखात, एक झटका. मिरची या टोपल्यात, देठ त्या बाजूला. संध्याकाळी काट्यावर वजन, किलोमागे मजुरी. नाकातोंडाला फडकं घट्ट बांधलेलं, तरी पहिल्या तासात शिंका, नंतर घसा, नंतर डोळे. जुन्या बाया हाताला आधी तेल लावायच्या, गालात गुळाचा खडा धरायच्या. घरी गेल्यावर हात ताकात बुडवायचे. लेकराला मात्र तासभर हात लावायचा नाही. माझं पोरगं अंगणात रडत असायचं आणि मी हात वर धरून उभी. ते मला अजून आवडत नाही आठवायला.

पण सातऱ्यावर करमायचं, हेही खरं. ट्रॅक्टरनं, टेम्पोनं गावोगावच्या बायका यायच्या. कोणाची सून, कोणाची सोयरीक, कोणाच्या घरी काय शिजलं, सगळ्या जिल्ह्याची बातमी त्या लाल ढिगापाशी कळायची. आणि तिथंच मी मिरची शिकले. भिवापुरी मिरची जाड सालीची, रंगाला पक्की. तिच्या नावाला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण चुरडा-मुरडा रोगानं आणि घटत्या उताऱ्यानं शेतकऱ्यांनी ती सोडत आणली, आणि सातऱ्यावर तेलंगणाकडच्या मिरचीचे ट्रक येऊ लागले. कोणती मिरची रंग देते, कोणती नुसती जाळते, कोणती आतून बुरसली आहे, हे डोळे मिटून बोटांना कळायला लागलं. पांढरट पडलेली फटकी मिरची मी न बघता बाजूला काढायची. मालकाच्या ढिगातली उत्तम मिरची ओळखायची आणि संध्याकाळी दुकानातून पुडीतलं विटकरी तिखट विकत घ्यायचं, हा प्रकार मला फार वर्षं खटकला नाही. एक दिवस खटकला.

तेव्हा गावात महिला आर्थिक विकास महामंडळाचे बचत गट सुरू झाले होते. हे महामंडळ 1975 चं. गटांचं वारं मात्र आमच्याकडे 2000 नंतर जोरात आलं. महिन्याला 30 रुपये भरायचे. पहिल्या बैठकीला सासूबाईंनी पाठवलं ते 'बघून ये' म्हणून. पुढं त्या स्वतःच दुसऱ्या एका गटात शिरल्या. तिथं आलेल्या ताईंनी लिज्जत पापडाची गोष्ट सांगितली. 15 मार्च 1959 ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली ती. आमच्यातली एक म्हणाली, "त्यांच्याजवळ गच्ची तरी व्हती." सगळ्या हसल्या. मी हसले नाही, कारण आमच्या सासरच्या घरावर खरोखर एक छोटी गच्ची होती.

गटातून 2,000 रुपये उचलले. त्याच सातऱ्यावरून, जिथं मी मजुरीनं बसायची, मिरची विकत घेतली. मालक चष्म्याच्या वरून बघत राहिला. मिरची गच्चीवर वाळवली, चुरली की कडकन मोडली पाहिजे इतकी. मग उखळ. सासूबाई आणि माय, दोन विहिणी, समोरासमोर मुसळ घेऊन. तेलाचा हात लावून कांडलं की तिखट उडत नाही आणि रंगही धरतो. शेवटी चाळून बरणीत, वर हिंगाचा खडा. आजीच्या हातचा काळा मसाला मायला येत होता, तोही केला. खसखस किती, यावरून दोघींचं वाजलं. प्रमाण कोणी लिहून ठेवलेलंच नव्हतं.

आदल्या रात्री मी आणि माय हिशेबाला बसलो. मिरची केवढ्याची, वाळून किती घटली, देठ-बिया किती गेल्या, तेल, पिशव्या, गटाचं व्याज. मायनं तोंडी जमवलं, मी कागदावर. जुळलं. 90 रुपये किलो लावला तर चार पैसे सुटत होते. सकाळी शाळेतल्या एक बाई आल्या, तिखट चिमटीत घेऊन वास घेतला आणि विचारलं, "कसं दिलं?"

मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. सवयीनं पाहिलं. ते म्हणाले, "माह्याकडे काय पाहते? आणलं तू, कांडलं तू." मी खाली पाहिलं. आकडा तोंडात तयार होता, पण बाहेर येईना. असं वाटत होतं की मी तिखटाचा भाव सांगत नाही, काहीतरी उद्धट बोलणार आहे. शेवटी म्हणाले, "नव्वद." इतकं हळू की बाईंनी पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं म्हणाले. त्यांनी एक शब्द न बोलता किलोभर घेतलं आणि 100 ची नोट दिली. त्या रात्री मला झोप आली नाही. आनंदानं नाही, 95 म्हणाले असते तर, या विचारानं.

मग धंदा चालला, जसा चालतो तसा. उधारी, लग्नसराई, उन्हाळ्यातली धावपळ, पावसाळ्यातली बुरशीची भीती. उखळाच्या जागी कांडप यंत्र आलं. कोणी म्हणालं मोठी पिसाई चक्की घे, झटपट होते. पण तिच्यात तिखट तापतं आणि रंग काळवंडतो. कांडपच बरं. पुढं कळलं की दळलेला मसाला सुटा विकायला कायद्यानं बंदी आहे, पाकीटच लागतं. वर्षाला 100 रुपये भरून अन्नसुरक्षेची नोंदणी केली. पाकिटावर लेबल लागतं, लेबलावर नाव-पत्ता. छापखान्यातल्या माणसानं विचारलं, नाव कोणाचं टाकू? आमचे हे माझ्या आधी बोलले आणि माझं नाव सांगितलं. माय सहीपुरती शिकलेली. तिनं लेबल डोळ्यांजवळ नेलं आणि एकेक अक्षर लावत पूर्ण वाचलं, पिन कोडासकट.

माय मग रोजच यायला लागली. पाकिटं भरणं तिचं खातं. मोजायची ती पंचवीस-पंचवीसनं, कट्ट्यासारखी. प्रत्येक पाकीट अंगठ्यानं दाबून बघायची आणि शिवण कच्ची दिसली की बाजूला फेकायची. "छाट," म्हणायची, अगदी त्या सट्टेदाराच्या सुरात. मग स्वतःच उचलून नीट बंद करून ढिगात ठेवायची. मी पैसे देऊ केले तर रागवायची. पोरीकडून कोणी मजुरी घेते का?

नागपूरला माल न्यायचा तर छोटी गाडी होती. नागपूर-नागभीड नॅरोगेज. पवनी रोड स्टेशन गावापासून लांब, पण गाडीचं भाडं कमी आणि सामानाला कोणी बोलत नसे. डब्यात माझी पिशवी ठेवली की पलीकडचा माणूस शिंकलाच. एकजण म्हणाला, "बाई, तुमचा धंदा लपून राहत नाही." इतवारीजवळ एका सावजी भोजनालयात मसाला दाखवायला गेले. मालकानं चमचाभर जिभेवर ठेवला, डोळे बारीक केले आणि विचारलं, "कोष्ट्याच्या घरचा का?" मी हो म्हणाले. त्यांनी भाव विचारला आणि मी सांगितला. यावेळी एकदाच, आणि खणखणीत. ते पाच रुपये कमी करा म्हणाले, मी दोन केले. बाहेर आले तेव्हा आजीची फार आठवण झाली. तिच्या हाताची चव नागपूरच्या भर बाजारात ओळखू आली होती, आणि तिला गल्लीबाहेर कोणी ओळखत नव्हतं. ती गाडी 2019 च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजसाठी बंद झाली. आता माल बसनं जातो.

मग 2020. आधी टाळेबंदी. ऐन उन्हाळ्यात, म्हणजे आमच्या सुगीतच बाजार बंद. लोक घरात बसून स्वयंपाक करत होते, म्हणून गावातली विक्री उलट वाढली आणि आम्ही तरलो. पण ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला पूर आला. वरच्या धरणांतून पाणी सुटलेलं, आणि आमच्याच तालुक्यात गोसीखुर्द. त्या धरणाची कोनशिला 1988 साली राजीव गांधींनी बसवली तेव्हा मी पोराला कडेवर घेऊन गर्दीच्या कडेला उभी होते. त्याच्या पाण्यात पुढं किती गावं गेली, माझ्या मामाची नदीकाठची मिरचीची वाडीही गेली. त्या पुरात धरणाचे 33 च्या 33 दरवाजे उघडले. आमच्या मागच्या खोलीत गुडघाभर पाणी. पोती वर चढवली तेवढी वाचली. खालची भिजली आणि पाणी ओसरल्यावर घरभर लाल गाळ. सगळ्यांना शिंका. मायसुद्धा हसली, म्हणाली, "पुरालेही ठसका लागला असंल."

पंचनाम्याला माणूस आला. घरात कोण कोण, काय काम करतात, लिहून घेत होता. माझं 'व्यवसाय' लिहिलं. मायकडे बघून विचारलं, "आणि आजी?" कोणी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "घरीच असतात," आणि तसं लिहून मोकळा झाला. माय खाटेवर बसून होती. अठ्ठ्याहत्तरीची. काही बोलली नाही. चहा दिला त्याला.

गाळ निघाला, भिंती सुकल्या, गटातल्या बायांनी उसनवारीवर मिरची मिळवून दिली आणि पाकिटं पुन्हा सुरू झाली. पहिल्याच दिवशी मायनं पहिली पंचवीस भरून रांगेत लावली आणि म्हणाली, "माह्या कामाचे पैसे देत जाय."

मी म्हणाले, "देतो ना माय, कधीचं म्हणतो. सांग, महिन्याचे किती देऊ?"

"महिन्याचे नाही. नगावर. पाकिटाले एक रुपया."

पाकीट भरण्याचा आमच्याकडचा दर पन्नास पैसे होता, गटातल्या दोघी त्याच दरानं भरायच्या. मी ते सांगितलं. घासाघीस करायची आता माझी सवय झालेली. पंचाहत्तर पैशांवर आले. वर म्हणाले, तुला देईन तेवढे त्यांनाही द्यावे लागतील. माय म्हणाली, मग दे. त्या काय फुकट बसतात? आणि छाट निघाली तर ती माझी, तिचे पैसे कापायचे नाहीत.

मी पुष्कळ बोलले. पुराचं नुकसान सांगितलं, मिरचीचा वाढलेला भाव सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं, सूप झटकलं आणि पुढचं पाकीट उचललं. एक पैसा कमी केला नाही. त्या महिन्यापासून तिघींचा दर एक रुपया झाला, आणि मला तिखटाचा भाव दहा रुपयांनी वाढवावा लागला. गिऱ्हाइकं कुरकुरली. जे विचारायचे त्यांना मी सांगायची, आमच्याकडे भाव माय ठरवते, तिच्याशी बोला. बोलायला कोणी गेलं नाही.